रोज ताणतोय तरी खुबा सुटत नाही, आता काय करू?

पत्र असं आहे:

"ताई, मी ३६ वर्षांचा, साताऱ्यात गोडोलीला राहतो, पतसंस्थेत कॅशला बसतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, जेवणाची सुट्टी सोडली तर खुर्ची सोडायची सोय नाही. दीड वर्षापासून पळायला लागलोय, आठवड्यातनं दोन-तीन दिवस अजिंक्यताऱ्याचा रस्ता आणि रविवारी यवतेश्वरचा घाट. यंदा सप्टेंबरला सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायचीच असं ठरवलंय. प्रॉब्लेम असा की दोन्ही खुबे पुढच्या बाजूनं कुणीतरी आवळून धरल्यासारखे असतात, उजवा जास्त. खुर्चीतनं उठलो की पहिली चार पावलं वाकून टाकतो, ऑफिसात सगळे हसतात. पंगतीत मांडी घातली की दोन्ही गुडघे वर, पाच मिनिटांत चुळबुळ सुरू. व्हिडिओ बघून सहा महिने रोज अर्धा तास स्ट्रेचिंग करतोय, केल्यावर तासभर मोकळं वाटतं आणि परत तेच. काका म्हणतात वात धरलाय, तेल लाव. पळायच्या ग्रुपवरचे म्हणतात हिप फ्लेक्सर टाईट आहेत, अजून ताण. पळणं बंद करू का? आणि आई ६३ वर्षांची आहे, तिचाही खुबा दुखतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. तिला माझेच स्ट्रेच शिकवले तर चालेल का? आणि जाता जाता, भारीतले बूट घेतले तर फरक पडेल का?"

अरे दादा, ताई म्हणून लिहिलंयस तर मी पण अहोजाहो करत बसत नाही. दोन उत्तरं आधी पटकन देऊन टाकते म्हणजे बाकीचं डोकं शांत ठेवून वाचशील. पळणं बंद करायचं नाही, फक्त खाली एके ठिकाणी मी धोक्याच्या गोष्टी लिहिल्यात त्यातलं काही तुला नसेल तर. आणि आईला तुझे स्ट्रेच अजिबात शिकवायचे नाहीत. आईचं दुखणं वेगळंय, ते शेवटी लिहिलंय.

आता तुझं. सहा महिने रोज अर्धा तास ताणून सुद्धा तासाभरात परत आवळतंय ना, तिथंच उत्तर आहे. स्नायू नुसता आखूड असता तर एवढ्या दिवसांत थोडा तरी सैल पडला असता की. आपल्याला टाईट वाटतं तेव्हा दरवेळी स्नायू लांबीला कमी पडलेला असतो असं नसतं, बऱ्याचदा तो कमजोर असतो, दमलेला असतो आणि त्याच्याकडनं त्याच्या ऐपतीबाहेरचं काम करून घेतलं जात असतं, मग तो आवळून बसतो आणि आपण त्याला अजून ओढतो. ताणल्यावर जे तासभर बरं वाटतं ते खोटं नाही, पण त्यात स्नायू लांब झालेला नसतो, ताण सहन करायची आपली तयारी तेवढ्यापुरती वाढलेली असते. ती उतरली की पुन्हा पहिल्यासारखं. म्हणून माझं सांगणं एवढंच की ताणणं थोडं कमी कर आणि त्या वेळात ताकदीचं काम कर. रील बनवणाऱ्यांना ताणणं आवडतं कारण ते दिसायला छान दिसतं, घाम येत नाही आणि लगेच बरं वाटतं. ताकदीचा व्यायाम कॅमेऱ्यात बोअर दिसतो.

खुब्यात नक्की काय काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण ते कळल्याशिवाय व्यायाम म्हणजे नुसती कवायत होते. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. त्याच्या पुढून एक लांब स्नायू जातो, सोआस नावाचा, तो कमरेच्या मणक्यांपासून निघतो, ओटीपोटातनं खाली येतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूनं चिकटतो. गुडघा पोटाकडं उचलायचं मुख्य काम त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं, दोघांना मिळून लोक हिप फ्लेक्सर म्हणतात. मागं कुल्ल्याचा मोठा स्नायू, ग्लूट मॅक्स, अख्ख्या शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू तो, चढाला शरीर वर ढकलतो तो हाच. आणि बाजूला, पँटच्या खिशाच्या शिवणीच्या थोडं वर, ग्लूट मीडियस. हा दिसत नाही, कुणी त्याचं नाव घेत नाही आणि माझ्याकडं येणाऱ्या पळणाऱ्या लोकांमध्ये बोंब बहुतेक वेळा ह्याचीच असते.

कारण असं बघ, पळताना दोन्ही पाय जमिनीवर एका वेळी कधीच नसतात, प्रत्येक पाऊल म्हणजे एका पायावरचा तोल. नुसतं एका पायावर उभं राहिलं तरी त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीच-तीन पट जोर येतो, कारण कंबर दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून बाजूच्या स्नायूला जोरात ओढून धरावं लागतं. पळताना त्याहून जास्त. आता तू दिवसभर कुल्ल्यांवर बसलेला, त्यांना आठ तास काही कामच नाही, आणि सकाळी उठून एकदम घाट. मागचे आणि बाजूचे दोघं वेळेवर जागे होत नाहीत, मग पुढच्यावर लोड. जोडीतला एक बैल दमला की सगळं जू दुसऱ्याच्या मानेवर येतं, तसा प्रकार. आणि त्यात तो पुढचा सुद्धा काही पैलवान नाही, चढाला गुडघा जास्त उचलावा लागतो तेव्हा त्याची पण लवकर वाट लागते.

पण हे सगळं मी लांबून बोलतीये, तुला न बघता. म्हणून घरीच तीन गोष्टी करून बघ, पाच मिनिटं लागतील, कुणाला तरी मोबाईलवर शूट करायला सांग, कारण आपल्याला स्वतःचं काही दिसत नाही.

पहिली, खरंच आखूड आहे का ते. पलंगाच्या अगदी कडेला बस, कुल्ल्याचं टोक काठावर, मग मागं आडवा हो आणि दोन्ही गुडघे छातीशी घे, कंबर गादीला चिकटली पाहिजे. आता डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेव आणि उजवा पाय हळूच खाली सोडून दे, लोंबू दे. उजवी मांडी गादीच्या पातळीला आली किंवा थोडी खाली गेली तर तो स्नायू लांबीला चांगला आहे, टाईट वाटत असला तरी. मांडी वर हवेतच अडकली तर खरंच आखूड आहे. आणि मांडी खाली आली पण गुडघा आपोआप सरळ व्हायला लागला तर आखूड आहे तो मांडीचा पुढचा स्नायू, सोआस नाही. ह्यात एकच चोरी होते ती म्हणजे कंबर उचलली जाते, मग सगळ्यांचीच मांडी खाली जाते आणि सगळे पास. शूट करणाऱ्याला कमरेखाली हात घालून बघायला सांग, हात सहज आत गेला तर टेस्ट बाद.

दुसरी, पुढच्या स्नायूची ताकद. भिंतीला पाठ लावून सरळ उभा राहा, हातानं उजवा गुडघा धरून खुब्याच्या वर, जितका जाईल तितका पोटाकडं आण. आणि आता हात सोड. गुडघा तिथंच दहा-पंधरा सेकंद राहिला पाहिजे. तुझा धपकन खाली येईल किंवा मांडीत गोळा आल्यासारखं होईल असा माझा अंदाज आहे, ग्रुपवर 'टाईट टाईट' करणाऱ्या अर्ध्या लोकांचा येतो. ज्या स्नायूला पायाचं वजन पंधरा सेकंद धरता येत नाही त्याला सहा महिने ओढून काय मिळणार सांग.

तिसरी, बाजूचा स्नायू. आरशासमोर फक्त शॉर्टवर उभा राहा, कमरेच्या दोन्ही बाजूच्या हाडांवर बोटं ठेव, आता एका पायावर उभा राहून थोडा गुडघा वाकव, पाच-सहा वेळा. उचललेल्या पायाच्या बाजूचं हाड खाली झुकतंय का, गुडघा आत अंगठ्याकडं पडतोय का, किंवा तोल सांभाळायला अख्खं शरीर उभ्या पायाकडं कलतंय का, तीनपैकी काहीही झालं तर त्या बाजूचं काम बाकी आहे. उजवा-डावा फरक लिहून ठेव.

आता व्यायाम. ताणायचं असेल तर एकच ताण पण नीट. एक गुडघा जमिनीवर, खाली चादरीची घडी, दुसरा पाय पुढं नव्वद अंशात. व्हिडिओत सगळे पुढं झुकतात, कंबर मागं कमानीसारखी वाकते आणि त्यांना वाटतं काय भारी ताणलं, पण त्या कमानीत सोआस सुटा पडतो आणि ताण सगळा कमरेच्या मणक्यावर जातो. तू उलटं कर. पुढं जाऊच नको. जागेवरच, जो गुडघा खाली आहे त्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळ आणि शेपटीचं हाड आत घे, म्हणजे बेल्टचं बक्कल हनुवटीकडं बघायला पाहिजे. एवढ्यानंच जांघेच्या समोर ताण जाणवेल, तू अजून एक इंच पण पुढं गेलेला नाहीस. तीस सेकंद, दोनदा, दोन्ही बाजूला. झालं. अर्ध्या तासाचं दोन मिनिटांत आलं. आणि हे पळायच्या आधी लांबलचक धरून करायचं नाही, मिनिटाच्या वर धरलेला ताण लगेच नंतरची ताकद थोडी कमी करतो. पळायच्या आधी पाय झुलवणं, गुडघे उचलत चालणं, दोन मिनिटं हळू जॉगिंग. ताण संध्याकाळी.

उरलेला वेळ ताकदीला. आठवड्यातनं तीन दिवस, सलग नाही, मध्ये एक दिवस सोडून.

सुरुवात ब्रिजपासून. पाठीवर झोप, गुडघे वाकवलेले, टाचा कुल्ल्यांपासून वीतभर लांब, कंबर उचल. हे सगळ्यांना येतं असं वाटतं पण बऱ्याच जणांना हे मांडीच्या मागं जाणवतं, कुल्ल्यात नाही. मांडीच्या मागं गोळा येत असेल तर टाचा अजून जवळ घे आणि उचलायच्या आधी कुल्ले आवळ, मग उचल. वर जाऊन दोन सेकंद थांब. पंधरा वेळा सहज जमायला लागलं की एका पायावर, दुसरा पाय सरळ. एका पायावर बारा जमले की ओटीपोटावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेव. जिम लावायची गरज नाही पण वजन वाढवत नेणं गरजेचं आहे, हे लक्षात घे, वर्षभर तेच पंधरा ब्रिज मारणारे लोक मला माहितीयेत, ताकद काय वाढत नाही, नुसती सवय होते. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे, तर ते वाढतं.

बाजूच्यासाठी कुशीवर झोप, पाठ आणि टाच भिंतीला लावून. वरचा पाय भिंतीला घासत वर न्यायचा, बोटं समोर बघतील, छताकडं नाही. भिंत कशाला तर पाय पुढं येऊ नये म्हणून, पाय पुढं आला की काम परत पुढचा स्नायू चोरतो. हे बारा-पंधरा केल्यावर खिशाच्या वर जळजळल्यासारखं व्हायला लागतं, ती जागा बरोबर. तीन आठवड्यांनी हे सोडून पायरीवर ये. जिन्याच्या पायरीच्या कडेला आडवा उभा राहा, उजवा पाय पायरीवर, डावा हवेत. उजवा गुडघा न वाकवता डाव्या बाजूची कंबर खाली सोड आणि परत वर उचल. हालचाल फक्त तीन-चार इंचाची आहे पण दहा झाले की कळतं काय प्रकार आहे.

पुढच्या स्नायूला पण ताकद लागते, हे कुणी सांगत नाही. स्टुलावर ताठ बस, गुडघा उचल आणि हातानं मांडी खाली दाब, मांडीनं हाताला वर ढकल, पाच सेकंद, आठ-दहा वेळा. पुढं उभ्यानं कर, पाऊलावर रबरबँड किंवा वाळूची छोटी पिशवी. टाईट स्नायूला व्यायाम दिला तर अजून टाईट होईल अशी भीती लोकांना असते, उलट होतं, तीन-चार आठवड्यांत त्याचं कुरकुरणं कमी होतं.

आणि बैठका. मागं-पुढं पाय ठेवून एका पायाच्या बैठका, मागचा गुडघा जमिनीजवळ नेऊन वर. ह्यात मागच्या पायाच्या खुब्याला ताण मिळतो आणि पुढच्या पायाच्या कुल्ल्याला ताकद, एका दगडात दोन पक्षी. आठ आठचे दोन सेट. आपला जिल्हा तर कुस्तीचा, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आले, आणि तालमीतली पोरं आजही सकाळी जोर-बैठका मारतात, त्या पोरांचे खुबे कधी बघ, मांडीत ताकद पण असते आणि उकिडवं बसले तर टाचा पण उचलत नाहीत. ताकद आली की लवचिकपणा जातो हा गैरसमज कुठनं आला देव जाणे. पूर्ण खालपर्यंत जाऊन केलेला ताकदीचा व्यायाम लांबी पण वाढवतो.

किती दुखलं तर चालेल हा प्रश्न येणारच. दहापैकी तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना मांड्या धरल्यासारख्या वाटल्या तर ते नवीन व्यायामाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. जांघेत खोल टोचत असेल तर तो व्यायाम तिथं थांबव.

फरक कधी दिसेल? पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती खरं तर मेंदूनं स्नायू वापरायला शिकल्याची असते, स्नायू स्वतः भरायला सहा ते आठ आठवडे आणि पुढं. हातात तीन महिने आहेत, पुरेसे आहेत, पण आज सुरू केलंस तर.

मांडी घालून बसायचं म्हणशील तर तिथं बाहेर वळणारी हालचाल लागते. उशीवर किंवा पाटावर बस, चार इंच उंच बसलं की गुडघे खाली येतात, मग हळूहळू उंची कमी कर. टीव्ही बघताना सोफा सोडून खाली बस, दर पाच-दहा मिनिटांनी बैठक बदल. मात्र एक लक्षात ठेव, प्रत्येकाची खुब्याची वाटी वेगळ्या आकाराची असते, काहींचं हाडच हाडाला अडतं. गुडघा वाकवून पोटाशी आणताना समोर जांघेत चिमटा बसल्यासारखं होत असेल तर तिथं जोर लावायचा नाही, तो स्नायूचा प्रश्नच नाही. व्हिडिओतली बाई कपाळ जमिनीला टेकवते म्हणून आपण पण टेकवायचं असं नसतं. तिची वाटी तिची.

कॅशच्या खुर्चीचं काय करणार, नोकरी आहे. पण अर्ध्या-पाऊण तासानं उठून उभं राहणं कुठल्याही काऊंटरला जमतं, नोटा मशीनमध्ये मोजताना उभा राहा, उभ्या उभ्या कुल्ले दहा वेळा आवळ, कुणाला कळत नाही. खुर्चीत पाय खाली दुमडून बसायची सवय असेल तर सोड. बसणं म्हणजे विष वगैरे मी म्हणणार नाही, एकाच पोझमध्ये बसणं वाईट.

काकांचं तेल. लाव की, गरम तेलानं बरं वाटतं, झोप चांगली लागते, काका पण खूश. त्यानं स्नायूची ताकद वाढत नाही एवढंच. मसाज गन, फोम रोलर ह्यांचं पण तेच. फक्त कुठं 'शीर मोकळी करून देतो' म्हणून खुबा कडाकडा मोडणारा माणूस असेल तिथं जाऊ नको, आणि वातावरच्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच घ्यायच्या नाहीत, तसल्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉईड मिसळलेलं सापडतं. ते का लिहितेय ते आता पुढं बघ.

हे नीट वाच. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवठा कमी झाला तर तो गोळा आतनं खराब व्हायला लागतो, डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. जास्त दिवस किंवा मोठ्या डोसमध्ये स्टिरॉईड घेतलेले, खूप दारू पिणारे, खुब्याला जोराचा मार लागलेले, ह्यांच्यात तो दिसतो, आणि तरुण माणसांमध्ये दिसतो. त्याची सुरुवात कशी होते माहितीये? जांघेत दुखतं, पाय टाकताना दुखतं आणि मांडी घालून बसता येत नाही. म्हणजे लोक वर्षभर 'टाईट आहे' म्हणत ताणत बसतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. तू लिहिलंयस त्यावरनं तुझं बसून उठल्यावर जास्त असतं आणि चार पावलांत सुटतं, त्यामुळं मला ते तसं वाटत नाही. पण कोविडच्या वेळी किंवा नंतर कधी स्टिरॉईडचा कोर्स झालाय का ते आठव. झाला असेल आणि जांघेत दुखत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडं, मग माझे व्यायाम.

तसंच पळणाऱ्यांमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर जाते, पळायचं अंतर एकदम वाढवलं की. ते दुखणं जांघेत असतं, पळेल तसं वाढतं, थांबलं तरी राहतं, रात्री पण ठणकतं, आणि एका पायावर उडी मारली की डोळ्यात पाणी येतं. अशात एक पाऊल पण पळायचं नाही, लगेच दाखवायचं, ते थांबायसारखं प्रकरण नाही. लंगडायला लागलास, रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं, ताप, पायात मुंग्या किंवा बधिरपणा, ह्यातलं काहीही असलं तरी तसंच.

आता घाट. सातारा हिल २०१२ पासून होतेय, आपल्याकडच्या अर्ध्या लोकांना पळायचं वेड तिनंच लावलं, आणि तिची गंमत हीच की आधी घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा, तेही पावसात. चढाला कुल्ले आणि सोआस, उताराला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक मारतो. तू सध्या ज्या ज्या दिवशी पळतोस त्या प्रत्येक दिवशी चढच आहे, अजिंक्यतारा पण चढ आणि यवतेश्वर पण चढ. पुढचे सहा आठवडे ताऱ्याच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस सपाटीवर आण, गोडोलीतनं खाली कुठलाही सपाट रस्ता बघ. रविवारचा घाट ठेव पण अर्धा, आणि जिथं चढ अंगावर येतो तिथं खुशाल चाल, चालणं म्हणजे हरणं नाही, घाटात अनुभवी लोक पण चालतात. पावलं थोडी छोटी कर आणि थोडी जास्त टाक, मिनिटाला जेवढी पडतात त्याच्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त, त्यानं खुब्यावरचा भार कमी होतो. उतारावर लांब ढांगा टाकत सुटायचं नाही, सगळ्यात जास्त तिथंच वाट लागते. ताकदीचा व्यायाम आणि घाट एकाच्या मागोमाग एक ठेवू नको, शनिवारी पाय मोडून रविवारी यवतेश्वरला गेलास तर शिव्या मला घालशील. रेसच्या आधीच्या आठवड्यात ताकदीचं काम अगदी हलकं, निम्मं.

आता आईचं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला टोकदार हाड लागतं तिथं दुखतं का विचार. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना दुखतं, एका पायावर उभं राहून साडी नेसताना दुखतं, असं असेल तर बहुतेक ग्लूटच्या टेंडनचं, म्हणजे तो बाजूचा स्नायू हाडाला ज्या पट्ट्यानं चिकटतो त्याचं दुखणं आहे. पाळी गेल्यानंतरच्या बायकांमध्ये फार कॉमन आहे आणि सगळे त्याला 'सायटिका' म्हणून मोकळे होतात. ह्यात पाय दुसऱ्या बाजूला ओढून ताणायचे जे स्ट्रेच आहेत ना, तुझ्या व्हिडिओत असतील तसले, ते केले की टेंडन हाडावर दाबला जातो आणि दुखणं वाढतं. म्हणून म्हटलं, शिकवू नको. तिला सांग पायावर पाय टाकून बसायचं नाही, ओट्यापाशी एका पायावर कंबर सोडून रेलून उभं राहायचं नाही, दोन्ही पायांवर वजन, आणि रात्री दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये चांगली जाडजूड उशी, नुसत्या गुडघ्यात नाही तर घोट्यापर्यंत आली पाहिजे. व्यायामाला दोन पायांचा ब्रिज, हळू, आठ-दहा वेळा, आणि उभं राहून पाय न उचलता दोन्ही पायांनी जमीन बाजूला फाकवतोय असा जोर, दहा सेकंद. आठ-दहा आठवडे धरावे लागतील. दुखणं जांघेत असेल, बूट-चप्पल घालायला वाकता येत नसेल, सकाळी अर्धा तास अवघडलेलं असेल तर सांध्याची झीज असू शकते, तेव्हा एक्स-रे काढून घ्या. आणि पडली-बिडली असेल नुकतीच तर वाटच बघू नका, तिच्या वयात पडल्यानंतर खुबा दुखणं अंगावर काढायचं नसतं.

बुटांचं म्हणशील तर सध्याच्या बुटांचा तळ झिजून एका बाजूला कललाय का बघ, कलला असेल तर घे नवीन, पायाला बसेल असा, भारीतलाच पाहिजे असं नाही. पण खुब्यासाठी म्हणून दहा हजार घालू नको. आणि घेतलेसच तर रेसच्या निदान महिनाभर आधी घे, ओल्या घाटात नवे कोरे बूट पायाला फोड आणतात.